हळदगे रोडचा पाव तास

मी एक जुना रुळाचा तुकडा आहे, मित्रांनो. लांबीला हातभर, वरच्या अंगाला एक भोक, आणि त्या भोकातून ओवलेली जाड तार. माझं सगळं अंग गंजून तांबडं झालं आहे, पण उजव्या बाजूला एक जागा अजून चकचकते. पस्तीस-चाळीस वर्षं लोखंडी दांड्याचे टोले त्याच जागी पडले आहेत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका भट्टीत झाला. जहाजातून मी मुरगावच्या बंदरात उतरलो, मालगाडीच्या वाघिणीतून घाट चढलो आणि पाच्छापूरच्या पुढे एका वळणावर मला लाकडी स्लिपरांवर ठोकून बसवलं. तेव्हा मी चांगला लांबलचक रूळ होतो. वळणावरचा रूळ लवकर झिजतो. वीस वर्षांनी गँगच्या माणसांनी मला उचकटलं आणि छिन्नी लावून माझे तुकडे केले. काही तुकडे कुंपणाला गेले. मी हातातून निसटून खडीवर पडलो आणि खणखणीत वाजलो. जवळच एक स्टेशन मास्तर उभे होते. ते म्हणाले, "हा मला द्या."

अशा रीतीने मी हळदगे रोड स्टेशनच्या कडुलिंबाला टांगला गेलो. ते साल एकोणीसशे आठ.

ज्या स्टेशनाच्या नावापुढे 'रोड' लागतं, ते गाव स्टेशनापासून लांब असतं, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक आहे. हळदगे गाव घटप्रभेच्या पलीकडच्या काठाला. आमच्या स्टेशनातून निघालं की मैलभर काळ्या रानातली वाट, मग नावेचा घाट, मग नदी, आणि नदी ओलांडली की गाव. त्याच्याही मागून, हुक्केरी-संकेश्वरकडून, पार निपाणीच्या बाजूकडून माणसं डोक्यावर गाठोडी घेऊन चालत येत आणि आमच्या स्टेशनातून बेळगावला जात. उन्हाळ्यात नदीला पाणी गुडघ्याएवढं. मृग लागल्यापासून संक्रांतीपर्यंत मात्र नावेशिवाय इलाज नसे.

माझं काम सोपं होतं. मागच्या स्टेशनातून गाडी सुटली की दोन टोले. गाडी इथून निघायची झाली की लागोपाठ टोले. टोले मारायचा मष्णू. तो येळ्ळूरचा, स्टेशनात सांधे बदलणारा पाईंटमन होता. सकाळच्या शांत वेळी माझा आवाज घाटापर्यंत जाई. तो ऐकला की नावेतून उतरलेली माणसं धोतरं खोचून, पातळांचे ओचे धरून पळत सुटत. मला वाटे, हा माझा मान आहे. मी वाजतो आणि माणसं पळतात.

त्यांतली निम्मीअधिक माणसं गाडी गेल्यावर पोचत, हे मला दिसत होतं. त्याचं मला काही वाटत नव्हतं.

आता हे असं का होई, ते सांगतो. बेळगावची गाडी सकाळी सहा-चाळीसला सुटे. संध्याकाळी परतीची गाडी पाच-दहाला येई. मधल्या गाड्या आमच्याकडे थांबत नसत. नाव होती लोकल बोर्डाची. एका श्रावणात अंधारात नाव उलटून पाच माणसं गेली होती, तेव्हापासून बोर्डाचा कडक नियम होता. सूर्य उगवल्यावर पहिली खेप, सूर्य मावळायच्या आत शेवटची. आण्णाप्पा आंबी नाव चालवायचा. तो नियमाचा पक्का, कारण त्या पाचांत त्याचा थोरला भाऊ होता. पावसाळा सरत आला की सूर्य उगवतो सव्वासहाला. नाव भरायची, नदी ओलांडायची आणि मैलभर चालायचं म्हणजे सात वाजायला येत. तोवर गाडी पुढच्या स्टेशनात.

सत्तावीस सालच्या आषाढात चंदना पहिल्यांदा आमच्या फलाटावर आली. हळदग्याच्या जैन गल्लीतली. वय बावीस. दोन वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि ती माहेरी, भावाकडे आली होती. बेळगावच्या एका दवाखान्यात सुईणीचं शिक्षण देत, आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर. तिला ते शिकायचं होतं. तिच्या भावाने, धरणेंद्रने, खूप विचार करून हो म्हटलं होतं. अट एकच.

"दिवेलागणीच्या आत घरात पायजेस. एक रात्र बाहेर काढलीस की शिकणं बंद."

दुसऱ्यांना गाडी चुकली तर खोळंबा होई. चंदनाचं सगळं पुढचं आयुष्य त्या गाडीवर आणि नावेवर टांगलेलं होतं. आषाढ-श्रावणात सूर्य लवकर उगवे, म्हणून तिचं निभावलं. ती नावेत पुढच्या टोकाला उभी राही, काठ लागायच्या आत उडी मारी आणि अनवाणी धावत येई. माझे टोले पडत असताना ती डब्यात चढे. भाद्रपद सरला, सूर्य रोज थोडा थोडा उशिरा उगवू लागला आणि एका सोमवारी ती पोचली तेव्हा गाडीचा फक्त धूर दिसत होता.

ती ओरडली नाही. कडुलिंबाखाली उभी राहून दम खाल्ला आणि मष्णूला विचारलं, "दादा, जरा थांबवायला येत न्हवती का गाडी?"

"मी कोण थांबवणार, आक्का? मास्तर म्हणत्यात मार, की मी मारतो."

"पुढच्या इष्टेशनात ही गाडी मेलसाठी पाव तास उभी असत्या. मी रोज बघते. मेल गेल्याबिगर तिला सोडतच न्हाईत. मग तिथं उभी ऱ्हाण्याऐवजी हितं उभी ऱ्हायली तर काय हुतंय?"

मष्णूने मान वळवून रुळांकडे बघितलं. वीस वर्षं तो गाड्या सोडत होता, पण पुढच्या स्टेशनात गाडीचं काय होतं हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

"मला कसं ठाऊक असणार ते?" तो म्हणाला. "मी हितनं हलतोय कुठं?"

ती तशीच मास्तरांकडे गेली. मास्तरांनी तिचं ऐकून घेतलं आणि वेळापत्रकाच्या पाटीकडे बोट केलं. "ही पाटी मी लिहिली न्हाई, बाई. वरनं येत्या."

मग कार्तिकात व्हायचं ते झालं. सकाळी गाडीच उशिरा आली म्हणून चंदनाला ती मिळाली, पण संध्याकाळची गाडीही चाळीस मिनिटं उशिरा आली. चंदना घाटावर पोचली तेव्हा नाव पलीकडच्या काठाला बांधून आण्णाप्पा घरी गेला होता. ती परत स्टेशनात आली. मष्णूची बायको मनुबाई हिने तिला आपल्या खोलीत घेतलं आणि भाकरी पुढे केली. चंदनाने हात जोडले. सूर्य मावळल्यावर त्यांच्यात खात नाहीत. ती तशीच उपाशी निजली.

सकाळी पहिल्या नावेने धरणेंद्र आला. चारचौघांत बोलणं नको म्हणून एकटाच आला होता. चंदना कडुलिंबाखाली उभी होती, म्हणून त्यांचं सगळं बोलणं मी ऐकलं.

"चल घरला," तो म्हणाला. "झालं तेवढं शिकणं पुरं."

"येते, अण्णा. पर आधी माझं काय चुकलं तेवढं सांगा. गाडी उशिरा आली. नाव लवकर गेली. मी तर वेळेवर चालत हुते."

धरणेंद्र घाटाच्या वाटेकडे वळला.

"तुमी एक दिवस माझ्याबरोबर या," ती म्हणाली. "नुसतं बघा. मग न्हाई म्हणा. मी परत तोंड उघडणार न्हाई."

धरणेंद्र रागीट होता, पण खोटा नव्हता. बुधवारी तो तिच्याबरोबर पहिल्या नावेत बसला. त्या दिवशी नावेत एकवीस माणसं होती. एक म्हातारा डोळे दाखवायला निघाला होता. दोन विणकर वडगावाहून सूत आणायला चालले होते. एका बाईच्या कडेला तापाने फणफणलेलं पोर होतं. ती सगळी माणसं मैलभर धावली आणि धरणेंद्रही पायांतल्या वहाणा हातात घेऊन धावला. ते वाटेवर असतानाच मष्णूने दांडा उचलला.

मी वाजलो. गाडी गेली. पोराला कडेवर घेतलेली बाई माझ्या पायथ्याशी मटकन बसली आणि म्हणाली, "ह्या घंटंचं तोंड फुटलं तर बरं हुईल."

मित्रांनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा माझ्या आवाजाची लाज वाटली.

धरणेंद्रने हातातल्या वहाणा पायांत घातल्या. मग बहिणीला म्हणाला, "शाळंत मी विंग्रजी चार बुकं शिकलोय. अर्ज लिहितो."

त्याने दोन अर्ज लिहिले. एक रेल्वेला, एक बोर्डाला. पुढच्या स्टेशनातला पाव तास हळदगे रोडला द्यावा, ही चंदनाची गोष्ट त्याने पहिल्याच ओळीत घातली. महिन्याभराने रेल्वेचं उत्तर आलं, एका नावेसाठी गाडीची वेळ बदलता येत नाही, नावेची वेळ बदलावी. बोर्डाचं उत्तर आलं, गाडीसाठी नावेचा नियम मोडता येत नाही, गाडीची वेळ बदलावी. दोन्ही कागद चंदनाने एकावर एक ठेवून घडी घातली आणि कनवटीला खोचले.

दवाखान्यातलं शिक्षण कुणासाठी थांबत नाही. तिची हजेरी कमी पडली आणि पौषात तिचं नाव कापलं गेलं.

तरी ती स्टेशनात येतच राहिली. आठवड्यातून एकदा ती यायची आणि किती माणसांची गाडी चुकली ते मष्णूला विचारायची. मष्णूला लिहिता येत नसे. तो गाडी चुकलेल्या प्रत्येक माणसामागे गोदामाच्या भिंतीवर कोळशाची एक रेघ ओढी. वर्षभरात ती भिंत रेघांनी भरली. एकोणतीस सालच्या हिवाळ्यात रेल्वेचे एक बडे साहेब ट्रॉलीवरून तपासणीला आले. चंदनाने त्यांना त्या भिंतीपाशी नेलं. मास्तरांनी मधे उभं राहून तिचं बोलणं साहेबांना इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी टोपी काढली, भिंत नीट पाहिली आणि विचारलं, "भिंत खराब कुणी केली?"

दुसऱ्या दिवशी मष्णूने ती चुन्याने रंगवली. रंगवताना त्याचा हात जड झालेला मला दिसत होता. चंदना शेजारी उभी होती.

"ऱ्हाऊ दे, दादा," ती म्हणाली. "पांढऱ्या भिंतीवर कोळसा चांगला उठतोय."

तीस सालच्या दिवाळीनंतर माझ्या कानांवर एक नवा आवाज आला. भोंग्याचा. तो घाटाकडून आला होता.

भावकू नावाचा एक गृहस्थ बेळगावच्या कॅम्पात राहायचा. पहिल्या लढाईत तो लष्करी लॉरी चालवत मेसोपोटेमियापर्यंत जाऊन आला होता. त्याने एक जुनी लॉरी घेतली, आत लाकडी बाकं ठोकली, वर ताडपत्री ताणली आणि बेळगाव ते हळदगे घाट अशी सर्व्हिस मोटार सुरू केली. मोटार कसली, खोकल्याचं गाठोडं होतं. चढावर माणसं उतरून ढकलत. गाडीला दीड तास लागे तिथे तिला अडीच लागत. धुळीने माणसं ओळखू येत नसत.

पण भावकू एक गोष्ट करायचा. सकाळी तो मोटार थेट घाटावर आणून उभी करी आणि नदीकडे बघत बसे. पलीकडून नाव सुटली की एक भोंगा वाजवी. तो भोंगा नावेतल्या माणसांना सांगायचा, की मी हाय, सावकाश या. शेवटचं माणूस, शेवटचं गाठोडं चढल्याशिवाय तो हँडल मारत नसे. संध्याकाळी तो आण्णाप्पाच्या शेवटच्या खेपेच्या आधी अर्धा तास घाटावर पोचायचा. वाटेत चाक बसलं तर वाटेवरच्या एखाद्या सायकलवाल्याबरोबर आण्णाप्पाला निरोप धाडायचा.

दोन महिन्यांत आमचं स्टेशन ओस पडलं.

मी मनात म्हणे, किती दिवस चालेल हे खटारं? माझ्या गाडीला लोखंडी रस्ता, वेळेचं बंधन, गार्ड, झेंडे. खरं तर मला मत्सर वाटत होता. मष्णू रिकाम्या फलाटावर टोले मारी. कधी एक माणूस चढे, कधी तोही नाही. पावसाळ्यात काळ्या मातीत मोटार रुते, तेव्हा चार दिवस माणसं परत आमच्याकडे येत, धावत, घामाघूम होत. वाट वाळली की पुन्हा घाटावर. टोल्यांची माझी चमक कमी झाली. एका होळीला तर माझी तार तुटली आणि मी आठवडाभर धुळीत पडून होतो. मष्णू तिथेच टोले मारी, पण आवाज घाटापर्यंत जात नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही.

चंदनाने पुन्हा दवाखान्यात नाव घातलं. भावकूच्या मोटारीतून वर्षभर गेली, हजेरी कमी पडू दिली नाही, आणि बत्तीस साली सर्टिफिकेट घेऊन आली. त्यानंतर नदीच्या दोन्ही काठांवरची बाळंतपणं तिच्याकडे येऊ लागली. लोक तिला चंदनाक्का म्हणू लागले. धरणेंद्र तिची पेटी उचलून नावेपर्यंत येई.

एकदा ती स्टेशनावरून जात होती. मष्णूने विचारलं, "आता तर मोटार हाय, आक्का. आता कशाला अर्ज धाडतीस रेल्वेला?" कारण ती दर वर्षी एक अर्ज धाडायचीच.

"मोटार एका माणसाची हाय, दादा," ती म्हणाली. "भावकूमामा हाईत तवर हाय. गाडी सगळ्यांची हाय. ती थांबायला शिकली पायजे."

दुसरी लढाई लागली आणि तिचं म्हणणं खरं ठरलं. पेट्रोल मिळेना. भावकूने कोळशाची शेगडी मोटारीच्या मागे बसवून पाहिली, पण ते जुनं यंत्र तिच्यावर चालेना. बेचाळीसच्या पावसाळ्याच्या आधी त्याने मोटार चिंचेखाली लावली आणि तो लेकीच्या सासरी, हळदग्यातच येऊन राहिला. सगळी माणसं परत रेल्वेकडे वळली.

आणि त्याच साली सरकारने देशभरची घड्याळं एक तास पुढे केली. आमची गाडी सात-दहाला सुटेल अशी नवी पाटी लागली. कागदावर ती अर्ध्या तासाने उशिरा गेली होती, पण घड्याळच तासभर पुढे असल्याने उजेडाकडे बघितलं तर ती पहिल्यापेक्षा अर्धा तास लवकर सुटू लागली. सूर्य उगवायच्या आतच गाडी निघून जाई. नावेने येणाऱ्या एकाही माणसाला सकाळची गाडी मिळणं शक्य राहिलं नाही. लोक आदल्या संध्याकाळीच येऊन फलाटावर निजत.

त्रेचाळीसच्या भाद्रपदातली ती सकाळ मला लख्ख आठवते. भावकूची लेक जयाबाई बाळंतपणात अडली होती. मूल आडवं होतं. चंदनाने सगळे प्रयत्न केले आणि मग घरच्यांना सांगितलं, "हे माझ्या हातातलं न्हाई. बेळगावच्या डॉक्टरणीकडं न्यायला पायजे, आणि आजच्या गाडीनं न्यायला पायजे."

ते आण्णाप्पाकडे गेले तेव्हा नुकतं फटफटत होतं. आण्णाप्पा नावेजवळ काठावर बसला होता. त्याचे केस आता पांढरे झाले होते. "दिस उगवल्याबिगर मी नाव सोडलेली न्हाई," तो म्हणाला. "भाऊ गेल्यापास्नं न्हाई." मग तो उठला, खांबाचा दोर सोडला आणि म्हणाला, "खाट मधोमध ठेवा. कुणी हलू नका."

हे सगळं मला नंतर कळलं. मला दिसली ती स्टेशनातली बाजू. सात-दहा झाले. गाडी फलाटाला उभी होती. मास्तर नवे होते, शिस्तीचे. त्यांनी मष्णूला खूण केली. मष्णूने दांडा उचलला, सवयीने एकदा घाटाच्या वाटेकडे पाहिलं, आणि त्याचा हात वरच राहिला.

रानातल्या वाटेवर, अजून बऱ्याच अंतरावर, चार माणसांच्या खांद्यांवर एक खाट येत होती. पुढे पेटी घेतलेली बाई होती.

"टोला दे," मास्तर म्हणाले.

"माणसं वाटंवर हाईत, साहेब."

"वेळ झाली मष्णू. टोला दे."

मष्णूने दांडा खाली घेतला आणि पाठीमागे धरला. "चंदनाक्का हाय ती. खाटंवर कोणतरी हाय. आज मी टोला देणार न्हाई."

"मला वर कळवावं लागेल."

"कळवा साहेब. तुमचं बी काम हाय ते."

मास्तर मष्णूच्या शेजारी येऊन उभे राहिले. मग त्यांनीही वाटेकडे पाहिलं. त्यांनी दांडा हिसकावून घेतला असता तर मी वाजलो असतो, लोखंडाला नकार देता येत नाही. पण ते जागचे हलले नाहीत. टोला नाही म्हणून गार्डने हिरवा झेंडा उघडला नाही, आणि झेंडा नाही म्हणून ड्रायव्हरने शिट्टी दिली नाही. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतका वेळ गप्प कधी टांगलेला नव्हतो.

अकरा मिनिटांनी खाट फलाटावर आली. खाटेचा पुढचा पाय भावकूच्या खांद्यावर होता. ज्याच्या मोटारीने आमचं स्टेशन ओस पाडलं होतं, तो धापा टाकत लेकीला गार्डच्या डब्यात चढवत होता. चंदना चढली, मागे वळली आणि मष्णूला म्हणाली, "आता मार, दादा."

मष्णूने मला टोले दिले. ते मला लागले नाहीत.

जयाबाईचं पोट फाडून मूल काढावं लागलं. आई वाचली, मुलगी वाचली. मष्णूला मात्र आठव्या दिवशी चौकशी होईपर्यंत घरी बसवलं. सत्तेचाळीस साली त्याची नोकरी पुरी होणार होती आणि आता ती जाते की राहते अशी वेळ आली. मनुबाई पदराने डोळे पुसत भांडी बांधू लागली. तेव्हा चंदना नदी ओलांडून आली आणि म्हणाली, "भांडी सोडा, वैनी. चौकशी हितंच हुणार हाय. मी असणार हाय."

चौकशीच्या दिवशी फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. भावकूने पंधरा दिवस गावोगाव हिंडून अर्जावर अंगठे घेतले होते. आण्णाप्पा नाव बांधून आला. चौकशीचे साहेब कडुलिंबाखाली टेबल मांडून बसले. त्यांना मराठी येत होती.

"तुमच्यासाठी गाडी अकरा मिनिटं अडवली," ते चंदनाला म्हणाले. "शंभर माणसांचा खोळंबा केला. हे बरोबर आहे?"

"न्हाई," चंदना म्हणाली. "खोळंबा झाला असंल तर न्हाई. गाडी बेळगावला किती उशिरा पोचली ते तेवढं बघा, साहेब."

साहेबांनी गार्डची डायरी मागवली. पान उलटलं. बोट खाली नेलं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं आणि त्यांनी तीच ओळ पुन्हा वाचली.

"वेळेवर," ते म्हणाले.

"पुढच्या इष्टेशनात मेलसाठी पाव तास उभी असत्या ती," चंदना म्हणाली. "त्या दिवशी चारच मिनिटं उभी ऱ्हायली. सोळा वर्षं झाली, मी हेच लिहून धाडते." तिने कनवटीतून घडी काढून टेबलावर ठेवली. सत्तावीस सालचं उत्तर वर होतं. कागद घडीवर फाटले होते, अक्षर वाचता येत होतं.

साहेबांनी दोन्ही कागद वाचून काढले. मग त्यांनी मास्तरांना विचारलं, "त्या दिवशी तुम्ही स्वतः टोला का दिला नाही?"

शिस्तीचे मास्तर म्हणाले, "मलाही वाट दिसत होती, साहेब."

मष्णूला दोन महिन्यांचा पगार सोडावा लागला, पण नोकरी राहिली. पुढच्या वेळापत्रकात आमच्या गाडीला हळदगे रोडला पाव तास मिळाला. तेवढ्याने भागणार नव्हतं, म्हणून धरणेंद्र रेल्वेचा तो कागद घेऊन बोर्डात गेला. रेल्वेने आपलं केलं, आता तुम्ही करा. बोर्डाने सकाळच्या गाडीआधी एक आणि संध्याकाळच्या गाडीनंतर एक, अशा दोन खेपा कंदील लावून सोडायला परवानगी दिली. नावेत माणसं मोजून घ्यायची ही अट आण्णाप्पाने स्वतःच घालून घेतली.

लढाई संपली. घड्याळं मागे आली, पेट्रोल आलं, भावकूच्या मोटारीला नवं यंत्र बसलं. आता सकाळी घाटावर मोटार उभी असते आणि स्टेशनात गाडी उभी असते, आणि नावेतली माणसं चालत येतात.

यंदा मष्णू नोकरीतून मोकळा झाला आणि स्टेशनाला पितळेची चकचकीत घंटा आली. मला काढून गोदामात टाकणार होते. चंदनाने मास्तरांकडे मला मागून घेतलं. आता मी घाटावरच्या जांभळाला टांगलेला आहे. नाव काठाला लागली की आण्णाप्पा पहिल्यांदा मला तीन टोले देतो. पहाटेच्या शांततेत ते मैलभर, स्टेशनापर्यंत ऐकू जातात, आणि मास्तरांना कळतं की माणसं उतरली.

मित्रांनो, गंजलेल्या लोखंडाला तेलपाणी करा, असं मी तुम्हाला सांगणार नाही. मी गंजलो तरी वाजेन. पण मोठे झाल्यावर तुमच्यापैकी कुणाच्या हातात दांडा येईल, कुणाच्या हातात झेंडा, कुणाच्या हातात वेळापत्रकाची पाटी. तेव्हा हात उचलण्याआधी एकदा वाटेकडे बघा. वाटेवर कुणी असेल तर त्याचं काय चुकलं ते आधी स्वतःला विचारा.

चाळीस वर्षं मी माणसांना सांगितलं, गाडी निघाली, पळा. आता रोज सकाळी मी गाडीला सांगतो, माणसं येताहेत, थांब. आणि ती थांबते.